लाइट गेली तिथून पुढे: कॉन्ट्रा, दादा आणि रेट्रोआर्च

सोलापूरची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली की आमच्या घरी माळा काढायचा असतो, पाहुणे येणार, जागा लागणार म्हणून. ह्या वेळी मी शिडीवर आणि आई खालून सांगायला. पितळी घंगाळ, अप्पांच्या मागाचे दोन जुने धोटे, पत्र्याची ट्रंक आणि सगळ्यात मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम. रिमोटच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, अ‍ॅडॉप्टर गायब, पण पिवळी कॅसेट तशीच होती, वर दोन बंदूकवाले. आई म्हणाली, "टाक की आता ते भंगारात." मी म्हणलं थांब आई, आणि शिडीवरच बसून दादाला फोटो पाठवला. त्याचा एका मिनिटात रिप्लाय, "कॉन्ट्रा आहे का बे ती??"

दादा पुण्यात असतो, गेली बारा वर्षं. मी इथंच, अशोक चौकाजवळ, जुन्याच घरात.

आधी हे सांगते की ह्या गेमचं आमच्यासाठी एवढं काय होतं. आमच्या गल्लीत तेव्हा घराघराला लागून कारखाने होते, म्हणजे चार-सहा माग टाकलेले पत्र्याचे शेड, दिवसभर खटखट खटखट, त्या आवाजाची इतकी सवय की तो ऐकूच यायचा नाही. मे महिन्यात दुपारी आम्ही दोघं टीव्हीसमोर, दादा निळ्या पँटवाला, मी लाल, कायम. आणि मग एकदम सगळ्या गल्लीतली खटखट बंद, डोक्यावरचा पंखा मंदावतोय आणि टीव्हीवर एक पांढरा ठिपका. लाइट गेली. त्या गेममध्ये सेव्ह करायची सोयच नाही, त्यामुळे गेलं सगळं, परत जंगलापासून. थोड्या वेळाने अप्पा मागावरून घरी येणार, माग बंद पडले म्हणून लवकर जेवण. अप्पांचं नुकसान व्हायचं आणि आम्ही गेमसाठी रडायचो, हे आता आठवलं की पोटात तुटतं, पण तेव्हा कळत नव्हतं. आमची मजल कायम पाचव्या स्टेजपर्यंत, बर्फाची. दोघांनी मिळून त्याच्या पुढं कधी गेलोच नाही. तीस लाइफचा कोड गल्लीत सगळ्यांना माहीत होता पण कुणीतरी शेवटी बी ए ह्या बटनांच्या जागी ए बी सांगितलेलं, ते आम्ही वर्षानुवर्षं दाबत बसलो आणि आमच्या कॅसेटीत ते नाही अशी समजूत करून घेतली.

तर त्या रात्री ठरवलं, हा गेम दादाबरोबर परत खेळायचा आणि पूर्ण करायचा. मशीन मेलेलं, म्हणजे मोबाइलवरच.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं, स्टोअरवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणारं ॲप, शोधलं आणि जे वर आलं ते घेतलं. नाव सांगत नाही. उघडलं की जाहिरात, गेम थांबवला की जाहिरात, आणि ह्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत ते काही कळेना. दोन दिवसांत काढून टाकलं. ऑफिसमधला एक पोरगा म्हणाला, मॅडम लेमुरॉइड हा इम्युलेटर टाका, ओपन सोर्स आहे, एफ-ड्रॉइड म्हणून असल्या ॲपचं स्टोअर आहे त्याच्यावर पण मिळतं. ओपन सोर्स म्हणजे त्या ॲपचा सगळा कोड उघडा असतो, कुणीही वाचावा, दुरुस्त करावा, स्वतःचं बनवावं. माझं कामच दुसऱ्यांच्या हिशोबाच्या वह्या तपासायचं, त्यामुळे ज्याचा हिशोब उघडा आहे त्याच्यावर विश्वास ठेवणं मला सोपं जातं.

लेमुरॉइड खरंच साधं आहे. फोल्डर दाखवायचा, ते स्वतः शोधतं कुठला गेम कुठल्या मशीनचा, चित्र लावतं, जाहिरात एक पण नाही. आणि ज्या गोष्टीने मी पहिल्याच दिवशी गप्प झाले ती ही, की गेम चालू असताना बाहेर पडलं तरी ते आपोआप सेव्ह होतं आणि परत उघडलं की त्याच जागी, उडी हवेत होती तर हवेतच. ह्याला सेव्ह स्टेट म्हणतात. गेममधलं सेव्ह वेगळं, इथं अख्ख्या मशीनचा त्या क्षणाचा फोटो काढल्यासारखं असतं, मेमरीत काय होतं, प्रोसेसर कुठं होता, सगळं. फॅमिकॉम म्हणून जपानी मशीन, ज्याची आपल्याकडची ती मशीनं नक्कल होती, त्याची कामाची मेमरी होती २ केबी. दोन! त्यामुळे असा फोटो काढायला फोनला काहीच लागत नाही.

पण ॲपसोबत एकही गेम येत नाही. ते बरोबरच आहे, इम्युलेटर म्हणजे नुसतं मशीन, गेम ज्याचा त्याचा, त्याच्यावर हक्क असतात. मी सुरुवातीला फुकट वाटायला ठेवलेले नवे गेम टाकून बघितले, असे बरेच आहेत, गेमबॉयसाठी लिहिलेला टोबू टोबू गर्ल म्हणून एक आहे त्याचा तर कोडसुद्धा उघडा आहे, भाचीला भयंकर आवडला. नेटवर कुठूनही कॉन्ट्रा उतरवणारे हजार आहेत. मला मात्र आमचीच कॅसेट पाहिजे होती, तीच, जिच्यावर दादाने पेनने आमचं आडनाव लिहिलंय.

इथं माझ्या नणंदेचा मुलगा कामाला आला. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅसेट वाचायचं यंत्र घरी बनवता येतं, त्याचं डिझाइन पण ओपन सोर्स आहे, आर्डुइनो मेगा बोर्डावर चालतं. अडचण एकच, कॅसेट बसवायचा ६० पिनचा सॉकेट आणायचा कुठून. अख्खी नवी पेठ फिरून आला, कुणाला नावच माहीत नाही. मग त्याने आमच्या मेलेल्या मशीनकडे बघितलं आणि म्हणाला, "मामी, ह्याच्यातलाच काढू का?" मला एक क्षण जड गेलं. मग म्हणलं काढ. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून त्याने एक एक पिन गरम करून तो सॉकेट सोडवला, तीन तास लागले, मधे दोनदा चहा आणि शेंगाची चटणी-भाकरी.

कॅसेट उघडली तेव्हा आत बघितलं तर चिप कुठं दिसेना, हिरव्या पट्टीवर काळा डांबरासारखा एक गोल थेंब, बस. चिप त्या थेंबाखाली असते, स्वस्तात बनवायची पद्धत. म्हणजे आमची कॅसेट कॉन्ट्राच्या मूळ कंपनीने, कोनामीने, बनवलेली नव्हतीच, नक्कल होती, आणि गल्लीतल्या सगळ्यांच्याच तशा होत्या, तेव्हा कुणाला ठाऊक. हे कळल्यावर दादाने कोनामीचं २०१९ मध्ये आलेलं कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन कॉम्प्युटरवर विकत घेतलं. म्हणाला इतकी वर्षं फुकट खेळलो, आता पैसे देऊ. त्याच्यात जपानी कॉन्ट्रा पण आहे, त्याच्यात जंगलातली झाडं हलतात, आमच्यात नाही हलत.

कॅसेटीच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या. लहानपणी आम्ही फुंकर मारायचो, जगभर सगळे मारायचे, पण तोंडातल्या ओलाव्याने त्या पट्ट्या उलट गंजतात. ह्या वेळी खोडरबर हलक्या हाताने घासला, मग कापसाने आयसोप्रोपिल अल्कोहोल. चकाकायला लागल्या.

पहिल्यांदा वाचली तेव्हा फाइल आली ४० केबीची. चालवली तर स्क्रीनवर नुसता अक्षरांचा चिवडा. माझा जीव खाली, वाटलं चिप गेली. भाच्याने रात्री मेसेज केला की मामी, कॅसेट चांगली आहे, आपण तिला चुकीचा प्रश्न विचारला. झालं असं की कॅसेटीत वेगवेगळ्या प्रकारची सर्किटं असतात, त्याला मॅपर म्हणतात. फॅमिकॉम एका वेळी कॅसेटीतला ३२ केबी प्रोग्राम बघू शकतो, पहिला सुपर मारिओ तेवढ्यातच बसवलाय, ३२ चा प्रोग्राम आणि ८ ची चित्रं, सगळा गेम ४० केबी. कॉन्ट्रा १२८ केबीचा आहे, त्यामुळे तो तुकड्यातुकड्याने समोर आणावा लागतो, पुस्तकाची पानं उलटल्यासारखा, आणि चित्रांची वेगळी चिपच नाही, चित्रं प्रोग्राममधूनच काढून मेमरीत ठेवतात. यंत्राला आम्ही मारिओसारखी कॅसेट आहे असं सांगितलेलं, त्यामुळे पुढची पानं त्याने उलटलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅपर बदलला, चित्रांची साइज शून्य ठेवली, वाचली, १२८ केबी. लेमुरॉइडमध्ये टाकली. चित्र लागलं नाही कारण नकली कॅसेटीत सुरुवातीच्या स्क्रीनवरचं नाव उडवलेलं असल्यामुळे ती कुठल्याच यादीत जुळत नाही, नुसतं फाइलचं नाव आलं. दाबलं. स्टार्ट.

आणि काहीतरी बरोबर नव्हतं.

जंगल तेच, पूल तोच फुटणारा, पण म्युझिक घाईत वाजत होतं, माणसं घाईत पळत होती, मी दुसऱ्या मिनिटाला मेले. दादाला पण फाइल दिलेली, त्याचा फोन आला, "हे आपलं नाही बे, गाणं वेगळंय." मला वाटलं वय झालं, हात मंदावले, आणि गाणं आठवणीतच चुकीचं असेल. दोन दिवस मी खरंच तसं मानून चालले होते. मग वाचायला लागले आणि उत्तर सापडलं ते असं. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे, गेम त्या हिशोबाने बनवलेला. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५०. आपल्याकडच्या नकली मशीनी ५० वर चालायच्या, आणि गेमचं सगळं घड्याळ चित्रांवर मोजलेलं, त्यामुळे १० मिनिटांची गोष्ट आमच्या घरी १२ मिनिटं चालायची. आमचं अख्खं बालपण खऱ्या गेमपेक्षा हळू चाललेलं. म्हणजे आम्हा दोघांना बरोबरच आठवत होतं!

लेमुरॉइडमध्ये मला हे बदलायची सेटिंग सापडली नाही. ते सोपं राहावं म्हणूनच बनवलंय, त्यात त्याची काही चूक नाही. मग रेट्रोआर्च घेतलं, ते पण ओपन सोर्स, दोन्हींच्या पोटात लिब्रेट्रो हीच गोष्ट आहे, म्हणजे प्रत्येक मशीनची नक्कल करणारे वेगवेगळे तुकडे, त्यांना कोअर म्हणतात. रेट्रोआर्चचा मेनू पहिल्यांदा बघितला की घाबरायला होतं, एखाद्या मोठ्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये सोडल्यासारखं, दारंच दारं. ऑनलाइन अपडेटरमधून एफसीईयूएमएम नावाचा कोअर उतरवला, गेम चालू केला, क्विक मेनू, कोअर ऑप्शन्स, रीजन. तिथं एनटीएससी, म्हणजे ती जपान-अमेरिकेची ६० वाली पद्धत, पाल आणि तिसरं नाव: डेंडी.

डेंडी ही रशियातली मशीन, १९९२ मध्ये आलेली, आपल्यासारखीच फॅमिकॉमची नक्कल, ५० वर चालणारी. तिकडच्या पोरांनीही हाच हळू चालणारा कॉन्ट्रा खेळला, मोठी झाली, आणि कुणालातरी वाटलं की आमच्या नकली मशीनची चाल सुद्धा जपली पाहिजे, अस्सल मशीनइतकीच अचूक. नकली म्हणून सोडून नाही दिलं. तो कोड उघडा असल्यामुळे ते त्यात आलं आणि सोलापुरात माझ्या फोनवर पोचलं. मी डेंडी निवडलं, गेम रीसेट केला, आणि गाणं वाजलं ते आमच्या टीव्हीचं गाणं होतं. मी ओट्याशी उभी होते, हाताला कणीक. आतून आई आली आणि म्हणाली, "हे तर तुमचं ते..." पुढं तिला नाव आठवेना, पण चाल ओळखली. मी लगेच आईच्या फोनवर रेकॉर्ड करून दादाला पाठवलं. त्याने फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

टचवर कॉन्ट्रा खेळवत नाही हे सांगून टाकते, तिरकं धरून गोळ्या झाडताना उडी मारायची म्हणजे अंगठ्याखाली बटन आहे का नाही हे कळलं पाहिजे. ब्लूटूथचा रिमोट घ्या, साधा चालतो. त्याच कोअरमध्ये टर्बो पण आहे, आपल्या जुन्या रिमोटवर ती दोन जादा बटनं असायची ना, दाबून धरलं की सुसाट गोळ्या, तीच.

आता दादाबरोबर खेळायचं. रेट्रोआर्चमध्ये नेटप्ले आहे, म्हणजे नेटवरून एकत्र खेळायची सोय. दोघांकडे एकच व्हर्जन, एकच कोअर, बिट-न-बिट एकच फाइल, आणि रीजन पण दोघांकडे डेंडी, एकाकडे वेगळं असेल तर दोन स्क्रीनवर दोन वेगळे गेम चालायला लागतात. आमचा पहिला रविवार ह्याच्यातच गेला, दादाने स्टोअरवरून घेतलेलं आणि मी अधिकृत साइटवरून, कोअर जुळेना. दोघांनी साइटवरची एपीके, म्हणजे ॲपची फाइल, टाकली तेव्हा जमलं. होस्ट मी, म्हणजे गेम माझ्याकडे चालू करायचा आणि दादाने त्यात यायचं. थेट जोडायला गेलं तर राउटरमध्ये पोर्ट उघडायची भानगड, म्हणून मी रिले सर्व्हर चालू केला, म्हणजे मधला एक सर्व्हर दोघांना जोडून देतो, आणि पासवर्ड लावला, नाहीतर यादीत बघून कुणीही आत येतं. बोलायला आईच्या फोनवर व्हॉट्सॲप कॉल, स्पीकरवर.

मला वाटलेलं नेटवर इतक्या वेगाचा गेम अडकत अडकत चालेल. त्याचं काम ज्या पद्धतीने चालतं ते कळलं तेव्हा मी भाच्याला दोनदा समजावायला लावलं, इतकं आवडलं. गेमचं चित्र नेटवरून जातच नाही, फक्त कोणी कुठलं बटन दाबलं तेवढंच जातं. दादाचं बटन पुण्याहून यायला जरा वेळ लागतो, तोवर माझा फोन थांबत नाही, मगाशी दाबलेलं तेच अजून दाबलंय असं धरून पुढं खेळवतो. खरं बटन आलं आणि अंदाज चुकला असला, तर मागच्या सेव्ह स्टेटवर जाऊन तेवढा तुकडा परत पळवून आणतो, डोळ्याला कळायच्या आत. म्हणजे लाइट गेल्यावर आमचा गेम वाचवणारी जी गोष्ट, तीच मला आणि दादाला एका स्क्रीनवर आणते, सेकंदाला कितीतरी वेळा. २ केबी मेमरी म्हणून हे परवडतं.

तिसरी स्टेज धबधब्याची, वर चढत जायचं. तिथं एकाने घाई करून वर उडी मारली की स्क्रीन वर सरकते आणि खालचा मरतो. लहानपणी आमची सगळी भांडणं ह्याच स्टेजला, दादा वर पळायचा आणि मी खाली मरायचे, मग माझ्या लाइफ संपल्या की त्याच्यातली एक उसनी घ्यायची, त्यावरून परत भांडण. ह्या वेळी तो दगडावर उभा राहिला आणि स्पीकरवरून म्हणाला, "ये तू आधी, मी थांबलोय." अख्खा धबधबा त्याने असाच चढला, मी वर पोचेपर्यंत गोळ्या झाडत थांबून. मी काही बोलले नाही, आई मागं बसून शेंगा सोलत होती, तिला गेम कळत नाही पण तिने हे बघितलं.

खरा कोड आता माहीत आहे, वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए. काझुहिसा हाशिमोतो ह्यांनी १९८६ साली ग्रेडियस हा कोनामीचाच दुसरा गेम तपासताना स्वतःलाच तो गेम अवघड जात होता म्हणून हा टाकला होता. आम्ही तो नाही वापरायचा असं ठरवलं. तीन लाइफ, जे आहे ते. पण प्रत्येक स्टेज संपली की मी स्टेट सेव्ह करते. ही चीटिंग आहे का असं दादाने विचारलं. मी म्हणलं लाइटीने आपल्याशी जेवढी केली तेवढी तरी आपण करू.

आणि बर्फाच्या स्टेजला, खोटं वाटेल पण, लाइट गेली. रविवारी संध्याकाळी, साडेसात वाजले असतील. पंखा मंदावला, वायफाय गेलं, दादाचा लाल ठोंब्या जागेवर थांबला. (हो, ह्या वेळी मी होस्ट असल्यामुळे मी निळी आणि तो लाल, तीस वर्षांत पहिल्यांदा.) गल्लीत आता कारखाने थोडेच उरलेत, त्यामुळे तो खटखट थांबल्याचा आवाज आला नाही. मी मेनू उघडून स्टेट सेव्ह केलं, फोनचा डेटा चालू केला, स्टेट उघडलं, परत होस्ट केलं, पासवर्ड तोच. अंधारात स्क्रीनवर बर्फ आणि आमची दोघांची माणसं त्याच जागी. दोन मिनिटांनी दादा आला. आईने देवापुढची समई मधल्या खोलीत आणून ठेवली.

पाचवी स्टेज त्या रात्री संपवली. सहावी, आगीच्या झोतांची, पुढच्या रविवारी. आता सातवीत अडकलोय, वरून येणारे पंजे आणि त्या खाणीतल्या गाड्या, दोघांच्याही लाइफ तिथंच संपतात, उसनी घ्यायला शिल्लक नसते. अप्पा परवा विचारत होते पुढं किती राहिलं. ह्या रविवारी पाणी यायचा दिवस आहे, सकाळी भरून झालं की बसायचंय, दादाला सांगून ठेवलंय दहाला ऑनलाइन ये.